उद्यानविद्येची पदवी: नाशिककरांनो, तुमचा अनुभव सांगा

बारावीचा निकाल लागला की ‘उद्यानविद्या घेऊ का?’ असं कुणी ना कुणी विचारतंच. चार वर्षं, आठ सत्रं, सीईटीतून प्रवेश, एवढं सगळ्यांना माहीत असतं. शिकताना हाती काय लागलं, ते लिहा.

दिंडोरी, शेवटचं वर्ष
घरी चार एकर थॉमसन द्राक्षं. छाटणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) लहानपणापासून बघितलेलं. मला वाटायचं, आता नवीन काय शिकवणार? तिसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकात सरांनी काडीवरचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, ब्लेडने कापायला लावला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आत घड होता! अजून न फुटलेल्या डोळ्यात, इवलासा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दोनेक महिन्यांत तो तिथे तयार होतो. तेव्हा ऊन कमी पडलं, नत्र जास्त झालं, की घडाच्या जागी बाळी, म्हणजे वेलाचा नुसता ताणा, येते. गोडी छाटणीआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी करतात त्या छाटणीआधी, मी पप्पांसोबत प्लॉटभर फिरून काड्या काढल्या. पप्पा दरवर्षी सातव्या डोळ्यावर कात्री लावायचे. आमच्या काड्यांत घड पाचव्यात निघाला. पप्पा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “पुन्हा दाखव.”

निफाड, आता स्वतःची रोपवाटिका
डॉगरिज या द्राक्षाच्या खुंटावर बांधलेली माझी पहिली वीस पाचर कलमं (खुंटाला चीर देऊन त्यात काडी खोचायची) वाळली. पुस्तकातल्या चित्रासारखी काडी मी मधोमध बसवत होतो. खुंट जाड, काडी बारीक. साल कुठेच जुळत नव्हती. शेजारी कलमं बांधणाऱ्या मावशी म्हणाल्या, “एका अंगाला सरकव रे, सालीला साल भिडू दे.” पुढची फुटली. त्या सालीखालच्या थराचं नाव परीक्षेत मी बरोबर लिहिलं होतं, पण तो बोटांना कळला मावशींमुळे.

सटाणा
‘रावे’त, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायच्या सत्रात, गावात राहिलो. डाळिंबवाले रोज विचारायचे, तेल्यावर औषध सांगा. जिवाणूचा रोग, एका फवारणीत जात नाही, हे तोंडावर सांगणं फार जड गेलं. बागेची स्वच्छता, रोगट फांद्या जाळणं, हस्त बहार (पावसाळा सरताना धरायचा बहार), एवढंच सांगू शकलो.

नाशिकरोड
घरी शेती नाही. आमच्या कॉलेजात दोन सत्रं प्रात्यक्षिकं फळ्यावरच झाली, त्याचा राग अजून आहे. प्रवेश घेण्याआधी कॉलेजची बाग जाऊन बघा. तिथल्या माळ्याला विचारा, मुलं आठवड्यातून किती वेळा येतात.