दुर्गा खोटेंच्या नाटकांचे जुने फोटो, हस्तपत्रिका कुठे मिळतील? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. माझी आत्या गिरगावात वाढली, आता ८८ वर्षांची आहे. दुर्गाबाईंचा विषय निघाला की तिचा चेहरा उजळतो. तिच्या वाढदिवसाला त्यांच्या रंगभूमीवरच्या कामाचा छोटा अल्बम द्यायचा आहे.

सिनेमाचं सहज मिळतंय. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' आणि त्यातली तारामती, 'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई, १९८३ चा फाळके पुरस्कार, सगळ्याचे फोटो जमलेत. नाटकांपाशी मात्र अडलंय. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून केलेलं 'राजमुकुट' १९५४ साली रंगमंचावर आलं, त्यात लेडी मॅकबेथच्या तोडीची भूमिका दुर्गाबाईंची होती. त्या काळी चांगल्या घरातली, झेवियर्समध्ये शिकलेली बाई सिनेमात गेली हेच केवढं धाडस! आणि त्यांचं नाटकातलं काम तर चित्रफितीवर नाही, म्हणून कागदावर उरलेलं तरी हाती लागावं असं फार वाटतं.

कुणाच्या घरी जुनी हस्तपत्रिका, तिकीट किंवा मासिकातलं कात्रण आहे का? मोबाईलवर काढलेला फोटोही चालेल. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी मासिकं पाहायची तर नेमकं काय विचारावं, हेही कुणी सांगा. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे.