इंग्लंडमधला ब्रास समर कोर्स: ट्रंपेट नेऊ का, आणि ओठ आठवडाभर टिकतील का?

तिसरा_व्हॉल्व्ह

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात मोठ्या वयाच्या हौशी ब्रासवाल्यांसाठी, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांसाठी, निवासी कोर्स असतात, त्यातल्या आठवडाभराच्या एका कोर्सला जायचं मनात आहे. ट्रंपेट वाजवतो, पस्तिशी उलटल्यावर शिकायला घेतलं. नोटेशन वाचता येतं पण नवीन कागद समोर ठेवून वाजवा म्हटलं की दोन ओळींत घाम फुटतो. फॉर्मवर लेव्हल विचारलीय आणि मी ग्रेडची, म्हणजे पाश्चात्त्य संगीताची पायरीपायरीने होणारी, परीक्षा एकही दिलेली नाही, मग तिथे लिहायचं काय? शिवाय दिवसाला पाच-सहा तास वादन आहे म्हणे, आणि मी घरी सलग पाऊण तास वाजवलं की वरचे सूर निसटायला लागतात. व्हिसा कुठला, वाद्य विमानात कसं न्यायचं, काहीच माहीत नाही. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा ना.

मंद्रसप्तक

लेव्हलचं नंतर बघू, आधी ब्रोशर नीट वाचा. तो ब्रास बँडचा कोर्स आहे की ब्रास आँसाम्बलचा, म्हणजे छोट्या गटांचा? ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल किंवा अडकेल.

ब्रिटिश ब्रास बँडमध्ये ट्रंपेट नसतोच! फ्रेंच हॉर्नही नसतो. तिथे कॉर्नेट असतात, ट्रंपेटचीच आखूड दिसणारी बहीण, एक ई फ्लॅट सोप्रानो आणि नऊ बी फ्लॅट, मग फ्लूगल, तीन टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि चार ट्यूबा ज्यांना तिथे सगळे बास म्हणतात. परकशन धरून २८ च्या आसपास माणसं. आँसाम्बलचा कोर्स असेल तर मात्र तुम्ही राजे, पाच जणांच्या ब्रास क्विंटेटमध्ये दोन ट्रंपेट लागतातच.

आता बँडचा निघाला तर घाबरू नका, बी फ्लॅट ट्रंपेट आणि बी फ्लॅट कॉर्नेटची नळी जवळजवळ तेवढ्याच लांबीची, बोटं तीच, लिखाणही तेच. पण कॉर्नेटची नळी बराच भाग रुंदावत जाते आणि माउथपीसचा कप खोल, त्यामुळे आवाज गोल येतो आणि ट्रंपेटच्या सवयीने फुंकलं की तुम्ही एकटे सगळ्यांच्या वर ऐकू येता, बँडमास्टरचा हात लगेच खाली होतो. आणि मुख्य म्हणजे आयोजक कॉर्नेट देणार असतील तरी आपला लाडका ट्रंपेट माउथपीस त्यात बसत नाही, कॉर्नेटची दांडी बारीक असते. म्हणून मेलमध्ये दोन्ही विचारा, वाद्य मिळेल का आणि सोबत माउथपीस मिळेल का. तोही उधारच मिळणार असेल तर महिनाभर आधी एखादा कॉर्नेट माउथपीस विकत घेऊन ठेवा, वाद्याशिवाय नुसत्या माउथपीसमध्ये ओठ कंपवून (बझ करून) त्याच्या कडेची, रिमची, ओळख झाली तरी पुष्कळ.

दमसास

मंद्रसप्तक यांनी वाद्याचं सांगितलंय, मी ओठांचं सांगतो कारण लोक हरतात ते तिथे. बोटं आठवडाभर चालतात, ओठ दुसऱ्या दिवशीच संपावर जातात.

होतं काय की दमलं की आपण वरचा सूर काढायला माउथपीस ओठावर दाबतो. दाबला की रक्त पोचत नाही, ओठ सुजतो, सुजला की कंपत नाही, मग आणखी दाबतो. सकाळी आरशात रिमचा गोल वळ तसाच दिसतो, ओठ हाताला जाडसर लागतो आणि मधल्या सप्तकातला साधा जी सुद्धा नुसती हवा सोडत येतो. त्यानंतरचे दिवस खुर्चीत बसून पानं उलटायची.

त्यामुळे तयारी म्हणजे जास्त वाजवणं नव्हे. दिवसात तीन बैठका करा, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं, आणि जेवढं वाजवाल तेवढाच वेळ माउथपीस ओठावरून काढून ठेवा. हळू आवाजात लाँग टोन (एकच सूर लांब धरणं), लिप स्लर (बोटं न बदलता ओठांनीच सूर बदलणं), बस्स. कोर्सला रोज शेवटी पाच मिनिटं अगदी खालचे सूर, मऊ, नुसते सैल करायला. निघायच्या आदल्या दिवशी तर वाद्याला हातच लावू नका.

आणि लेव्हलच्या चौकटीत एक पायरी खालचंच लिहा. थर्ड कॉर्नेट मागा. तिथे उंच सूर कमी आणि एका पार्टवर दोघं असतात, शेजाऱ्याशी ठरवून आलटून पालटून श्वास आणि विश्रांती घेता येते. पुढच्या रांगेतले चार सोलो कॉर्नेटवालेसुद्धा हेच करतात, फक्त ऐकणाऱ्याला कळत नाही. ग्रेड नाही म्हणून अडणार नाही, काय काय वाजवता ते दोन ओळींत लिहा आणि साइट रीडिंग कच्चं आहे हे स्पष्ट लिहा, त्यात लाज कसली.

खालचा_सा

युफोनियमवाला इथे. तिसरा_व्हॉल्व्ह, तुम्हाला हा त्रास नाही पण धागा वाचणाऱ्या ट्रॉम्बोनवाल्यांसाठी लिहितो. ब्रास बँडमध्ये बास ट्रॉम्बोन आणि परकशन सोडून सगळ्यांचे कागद ट्रेबल क्लेफमध्ये, ट्यूबासकट! (क्लेफ म्हणजे कुठल्या ओळीवर कुठला सूर ते सांगणारं सुरुवातीचं चिन्ह.) युफोनियमचा लिहिलेला सा एक सप्तक आणि आणखी एक सूर खाली वाजतो. यामागची सोय अशी की सगळीकडे बोटं सारखीच, एखादा कॉर्नेटवाला उद्या बॅरिटोनवर बसला तरी त्याला नवीन वाचन शिकावं लागत नाही. बास क्लेफवर वाढलेला माणूस मात्र पहिल्या तासाला आंधळा होतो. टेनर क्लेफ येत असेल तर युक्ती आहे, बी फ्लॅट ट्रेबलचा कागद टेनर क्लेफ समजून वाचा आणि दोन फ्लॅट वाढवा, जागा बरोबर पडते. अॅक्सिडेंटल, म्हणजे मध्येच येणारी शार्प-फ्लॅटची चिन्हं, आले की डोकं चालवावं लागतं, ते अलाहिदा.

व्हिसाचं: स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर ३० दिवसांपर्यंतचा हौसेचा कोर्स करता येतो, त्यात पदवी-सर्टिफिकेटची पात्रता मिळणारी नसावी आणि इंग्रजी भाषेचा नसावा. शेवटच्या दिवशी कॉन्सर्ट असतो त्याचे पैसे घ्यायचे नाहीत एवढं लक्षात ठेवा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, आयोजकांकडून तारखा आणि फी लिहिलेलं पत्र घ्या.

स्पष्टवक्ता

सगळं छान पण मी थोडं उलटं बोलतो. एका आठवड्यात कुणाचा सूर सुधारत नाही, तिथल्या ट्यूटरला तुमच्यासाठी दिवसातून दहा मिनिटं मिळाली तर नशीब. शिकायला जायचं तर तेवढ्या पैशात वर्षभर ऑनलाइन शिकवणी होते. पंचवीस माणसांच्या मधोमध बसून वाजवण्यासाठी जात असाल तर जा, ते घरी बसून मिळत नाही. मागे बास आणि डाव्या कानाशी फ्लूगल असताना इंटोनेशन, म्हणजे सूर नेमका लागणं, म्हणजे काय ते ट्यूनर बघून कळत नाही हे मान्य.

आणि कोर्सनंतर गावोगावच्या बँडच्या तालमी ऐकू असा बेत असेल तर ऑगस्ट नको, बऱ्याच बँडना तेव्हा सुट्टी असते. मार्चच्या, म्हणजे संचलनाच्या, धून ऐकायच्या तर व्हिट फ्रायडेला जा, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिट संडेनंतरचा शुक्रवार तो, उत्तर इंग्लंडमधल्या सॅडलवर्थच्या भागात एकाच संध्याकाळी बँड बसमध्ये बसून गावामागून गाव करत स्पर्धा वाजवत फिरतात. ते बघणं वेगळीच गंमत आहे.

तिसरा_व्हॉल्व्ह

बापरे, ब्रोशर उघडून बघितलं, बँडचाच कोर्स आहे!! कॉर्नेटबद्दल आत्ताच मेल केला. स्पष्टवक्ता, माझा बेत लोकांत बसून वाजवायचाच आहे, घरी मेट्रोनोम सोडून साथीला कुणी नाही. पण कॉर्नेट तिथे मिळाला तर माझा ट्रंपेट नेऊच नको का?

मंद्रसप्तक

नेऊ नका. रात्री खोलीत चुकून हात जाणार आणि मग दमसास ओरडणार. स्वतःचा कॉर्नेट घेतलात तर केबिनमध्येच न्या, सीरियल नंबर बहुतेक दुसऱ्या व्हॉल्व्हच्या केसिंगवर असतो त्याचा आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा. व्हॉल्व्ह ऑइलचं लेबल वाचा, ज्वालाग्राही असेल तर कुठल्याच बॅगेत टाकू नका, तिथे पोचून घ्या.

दमसास

ओरडणार म्हणजे ओरडणारच. आणि प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे आवाज दाबायला वाद्याच्या तोंडात बसवतात तो, नेताय का? तो लावला की उलट फुंकायला जोर लागतो, ओठांना आराम नाही मिळत. पहिले दोन दिवस बॅगेतच राहू दे.