ठाण्यात पावसाळ्यात सिगार ठेवायच्या तर ह्युमिडिटी किती? ६५ की ७०?

खाडीकिनारा
नमस्कार मंडळी. मेव्हण्यांनी दुबईहून येताना २५ सिगारचा बॉक्स आणला आणि सोबत एक लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे ओलावा राखून सिगार ठेवायचा डबा. मी महिन्याकाठी एखादी ओढतो, म्हणजे हा बॉक्स दोन वर्षं तरी जाईल, त्यामुळे नीट ठेवायच्यात. घोडबंदर रोडला राहतो, दिवसभर खिडक्या उघड्या, एसी फक्त रात्री बेडरूममध्ये, हॉलमध्ये आत्ता २९-३० डिग्री असतं. झाकणात जो गोल काट्याचा मीटर आहे तो ७७ दाखवतोय. नेटवर सगळीकडे ७० लिहिलंय, दुकानदार म्हणाला ६९ चे पाऊच घ्या, ऑफिसमधला एकजण ६२ च्या खाली-वर जाऊच नका म्हणतो. डब्याबरोबर हिरव्या फोमची डबी आलीये, तीत पाणी भरून लावायचं असतं म्हणे, ती ठेवू का काढू? परवा एक पेटवली तर दोन-तीनदा विझली, ओढ पण जड लागत होती आणि दाबली की मऊ लागते. नक्की किती धरायचं?

जुना_गिरगावकर
६५ धरा. आणि फोमची डबी आजच काढा, पाऊस संपेपर्यंत तिचं काही काम नाही. फोम फक्त ओलावा देतो, घेत नाही. आपल्याकडे जुलैत बाहेरच ८५-९० असतं, डब्याला ओलावा द्यायची गरजच नाही, असलेला काढायची गरज आहे. बोवेडासारखे मिठाच्या द्रावणाचे पाऊच दोन्ही बाजूंनी काम करतात, जास्त झालं की ओढून घेतात, कमी झालं की सोडतात. २५ सिगारना ६० ग्रॅमचा एक पुरतो, पण लाकडी डबा आणि वर पावसाळा, तर दोन टाका.

७० चा आकडा कुठून आला तर '७० टक्के, ७० फॅरेनहाइट' असा जुना नियम आहे. ७० फॅरेनहाइट म्हणजे २१ डिग्री. लोक पहिला ७० लक्षात ठेवतात आणि दुसरा सोडून देतात. तुमचा हॉल ३० वर आहे, एवढ्या उबेत ७२-७५ च्या वर गेलात की बुरशी कधी धरेल सांगता येत नाही. ६५ वर ठेवलं तर दोन-चार टक्के इकडे-तिकडे झाले तरी सिगार वाचते. विझणं, ओढ जड होणं, मऊ लागणं ही तिन्ही जास्त ओलाव्याचीच लक्षणं.

वऱ्हाडी_मन
आमच्या नागपूरले उलटं हाय भाऊ. मे महिन्यात दुपारी घरात २० टक्के बी राहत नाही, सिगारचं वरचं पान कागदावानी तडकते, म्हणून मी ६९ च वापरतो. ३० डिग्रीच्या हवेत पाणी जास्त मावते ना, २१ ला एका घनमीटरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास अन ३० ला ३० ग्रॅम, मंग त्याच ६५ टक्क्यात उन्हाळ्यात सिगारले पाणी जास्तच भेटते असं नाही का? तसं असंल तर मी बी खाली यायले पायजे.

जुना_गिरगावकर
ग्रॅमचे आकडे बरोबर आहेत, पण तंबाखू ग्रॅम बघत नाही, टक्केच बघतो. हवा ६५ टक्के असली की पान जवळपास तेवढाच ओलावा धरतं, मग २१ डिग्री असो की ३०, उलट गरमीत किंचित कमीच धरतं. मी कमी ठेवा म्हणतो ते बुरशी आणि किड्यासाठी. तुम्ही नागपुरात ६९ खुशाल ठेवा, फक्त डबा खरंच हवाबंद हवा. लाकडी डब्याचं झाकण जरा जरी सैल असेल तर मे महिना तुमचे पाऊच वाळवून दगड करणार. रबरी कडा असलेला आणि चार बाजूंनी क्लिप बसणारा साधा प्लास्टिकचा डबा लाकडापेक्षा चांगला टिकवतो. सिडारच्या सुवासिक लाकडाच्या पट्ट्या हव्या असतील तर टाका आत, वास छान राहतो.

@खाडीकिनारा, काट्याच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. दोनेकशे-पाचशे रुपयात डिजिटल मिळतो, पण तो सुद्धा तपासून घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, पूर्ण विरघळू देऊ नका, आणि मीटरसोबत झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आत ७५ व्हायलाच हवं. जेवढा फरक तेवढा कायम धरून चालायचं.

सदाशिव_पुणे
किड्याबद्दल कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो, कारण एकदा लागला की अख्खा बॉक्स जातो. आपल्या हळदीला, मिरचीला जो बारीक तपकिरी किडा लागतो तोच हा, तंबाखूचा वेगळा कुणी नाही. अंडी पानात आधीपासून असू शकतात आणि २४-२५ च्या वर गेलं की बाहेर पडायला लागतात. म्हणजे ३० डिग्रीच्या हॉलमध्ये ह्युमिडिटी कितीही अचूक असली तरी ती त्याला थांबवत नाही. पानावर सुईने टोचल्यासारखं गोल भोक दिसलं आणि डब्याच्या तळाला तपकिरी भुकटी, की समजायचं.

उपाय सोपा आहे. बॉक्स दोन झिप पिशव्यांत हवा काढून घाला, तीन दिवस डीप फ्रीजरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रीजमध्ये, मग बाहेर. आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही!! पावसाळ्याच्या हवेत थंड सिगारवर सेकंदात दव धरतं, वरचं पान फाटतं. पूर्ण रूम टेंपरेचरला आलं की मगच उघडा. कायमचं फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, फ्रॉस्ट फ्री फ्रीज सगळं कोरडं करतो आणि वर लसणाचा वास.

डबा बेडरूमच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको. हॉलपेक्षा तिथे दोन-तीन डिग्री नक्की कमी राहतं.

खाडीकिनारा
मंडळी फार उपयोग झाला. नवीन डिजिटल मीटर आणला, मिठाची टेस्ट केली, ७५ ऐवजी ७९ दाखवला, म्हणजे ४ वजा. आता फोम काढून डब्यात ठेवला तर ८० दाखवतोय, म्हणजे खरे ७६. बुरशी सध्या दिसत नाही. ६५ चे दोन पाऊच मागवलेत, आधी फ्रीजरचं करून घेतो. पाऊच टाकल्यावर किती दिवसांनी ओढायला घेऊ?

जुना_गिरगावकर
मीटर लवकर खाली येईल, सिगार नाही येत, आतलं पान सावकाश सुकतं. तीन-चार आठवडे तरी द्या, जाड रिंगच्या, म्हणजे जाडजूड सिगार असतील तर जास्तच. लाकूड सुद्धा ओलावा सोडत राहणार, त्यामुळे पाऊच टम्म फुगून पाण्यासारखे झाले तर ते भरलेत असं समजा आणि बदला. ऑक्टोबरनंतर उलटं होईल, पाऊच कडक व्हायला लागतील. मधे मधे एक सिगार अंगठा आणि बोटात हलकी दाबून बघा, किंचित दबून परत वर आली की झाली तयार.