मदत हवी आहे: सोलापूर थीमच्या क्रिप्टिक शब्दकोड्यातील अडलेली शोधसूत्रे

सप्रेम नमस्कार.

सोलापुरातील आम्हा काही शब्दकोडेप्रेमींच्या गटात यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या निमित्ताने एका सदस्यांनी स्वतः रचलेले मराठी क्रिप्टिक शब्दकोडे वाटले. ते बरेचसे सुटले आहे. मात्र काही ठिकाणी उत्तर ठाऊक असूनही ते शोधसूत्रातून कसे निघते याचा उलगडा होत नाही, आणि तीन ठिकाणी तर उत्तरच सापडलेले नाही. यात्रा संपेपर्यंत तोंड उघडणार नाही असे रचनाकारांनी आधीच बजावले आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

हा प्रकार ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. क्रिप्टिक शोधसूत्राच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो, आणि उरलेल्या भागात त्याच उत्तराकडे जाणारी दुसरी, अक्षरांच्या मोडतोडीची वाट असते. वरवर वाचताना जे वाक्य दिसते ते केवळ दिशाभूल करण्यासाठी असते. या कोड्यात एका घरात एक अक्षर आहे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार त्या अक्षरासोबतच राहतात आणि जोडाक्षरालाही एकच घर मिळते. शोधसूत्रापुढच्या कंसातला आकडा म्हणजे उत्तराची घरे. इंग्रजीत स्वर सुटे असल्याने अक्षरे विस्कटून नवा शब्द करणे सोपे जाते. मराठीत वेलांटी आपल्या व्यंजनाला सोडत नाही, त्यामुळे विस्कटून जुळणारी जोडी मिळाली की रचनाकाराला घबाड सापडल्यासारखे वाटत असावे. अशी एक जोडी येथे आहे:

लावत गेलो, विस्कटत गेले. मंदिराभोवती पाणीच (३)

'लावत' विस्कटले की 'तलाव', आणि सिद्धेश्वराचे मंदिर तलावातच आहे. दुसरे उदाहरण:

चारांच्या पोटात दमडीचा आरंभ, रात्री पांघरायला (३)

'चार' या शब्दाच्या पोटात 'दमडी'चे पहिले अक्षर घातले की 'चादर'. मला स्वतःला सर्वांत आवडलेले शोधसूत्र मात्र हे:

उजवीकडून मोडा किंवा डावीकडून, भाकरी असते तशीच (३)

उत्तर 'कडक'. हा शब्द दोन्ही बाजूंनी सारखाच वाचला जातो, आणि आपल्याकडची कडक भाकरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना 'मोडा' हे क्रियापद किती नेमके आहे ते वेगळे सांगायला नको.

आता मूळ अडचणीकडे येतो. कोड्याच्या माथ्यावर अशी सूचना आहे: "अकरा उत्तरांना व्याख्या दिलेली नाही, ती सर्व एकाच घरातली आहेत. त्यांपैकी दोघा भावांचे आडनाव एकच असल्यामुळे ते एकदाच लिहिले आहे." म्हणजे या अकरा ठिकाणी उत्तराचा सरळ अर्थ मिळणार नाही, फक्त अक्षरांची वाट मिळेल. 'हात घातलात तर गोडही मिळेल आणि डंखही (३)' यावरून 'मोहोळ' आले. 'हार घातला, डोके टेकवले, तोच सकाळ सुरू झाली (५)' यातून माळ, शिर आणि सकाळचा 'स' मिळून 'माळशिरस' झाले. 'सरकारचे देणे आधी, मग वरचा मजला (४)' म्हणजे कर आणि माळा, अर्थात 'करमाळा'. 'कुंडलीतला अडथळा, आणि पुढे सैन्याने घातलेला (५)' म्हणजे 'मंगळवेढा'. अक्कल आणि कोट तर सरळच होते. 'भीमा ढाळील अश्रू, पण पोटात काय आहे? (२)' यात 'भीमा ढाळील' या दोन शब्दांच्या सांध्यात 'माढा' लपले आहे. उजनी धरण माढा तालुक्यात भीमेवरच असल्यामुळे या शोधसूत्राला दुहेरी दाद द्यावीशी वाटली.

ही सगळी आपल्या जिल्ह्यातली गावे आहेत, एवढे उघड आहे. परंतु केवळ मोठी गावे घ्यायची असती तर माळशिरसऐवजी अकलूज आले असते आणि माढ्याऐवजी कुर्डुवाडी. म्हणून ही तालुक्यांची नावे असावीत असे वाटते, आणि जिल्ह्यात तालुके अकराच आहेत. अडचण एवढीच, की त्यांत उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर येतात. ही दोन्ही नावे सात अक्षरांची आहेत आणि या जाळीतील सर्वांत लांब शब्द पाच घरांचा आहे. त्यामुळे तालुक्यांची कल्पना सोडून द्यावी की काय, असा विचार मनात आहे.

'सांगोला', 'पंढरपूर' आणि 'बार्शी' ही उत्तरे छेदणाऱ्या शब्दांवरून भरली आहेत, पण त्यांची फोड होत नाही. त्यांची शोधसूत्रे अनुक्रमे अशी:

बोल, कसा आहेस? भिजलेला! (३)

थोडक्यात पंडित, पण अभ्यासात कच्चा. रस्त्याच्या सुरुवातीलाच नदी पात्राबाहेर (५)

पाळण्याकाठची कार्ये घाईघाईने उच्चारली (२)

आणि ज्यांची उत्तरेच मिळालेली नाहीत ती ही:

आडवा २: हेच तर आपण शोधत आहात (३)

आडवा २६: भटजींच्या मिळकतीतून काना वगळला (३)

यांशिवाय जाळीच्या मधल्या भागात आडवा १३ हा चार घरांचा शब्द आहे. त्यापुढे शोधसूत्राची जागा कोरी सोडली आहे. ती छपाईतील चूक नाही, असे रचनाकारांनी सांगितले आहे.

या शेवटच्या तिन्हींबाबत कृपया उत्तर थेट लिहू नये, आधी इशारा द्यावा. पहिल्या तिन्हींची फोड मात्र मोकळेपणाने लिहावी.

प्रतिसाद १

'बार्शी' सोपे आहे. पाळण्याकाठची कार्ये म्हणजे बारशी. घाईत म्हटले की 'बार्शी' ऐकू येते.

प्रतिसाद २

पंढरपूरची फोड अशी होईल. 'थोडक्यात पंडित' म्हणजे 'पं.', 'अभ्यासात कच्चा' म्हणजे 'ढ', 'रस्त्याच्या सुरुवातीला' म्हणजे 'र', आणि 'नदी पात्राबाहेर' म्हणजे 'पूर'. येथे नदी चंद्रभागा आहे हे मनात ठेवून वाचले की वरचे वाक्यही शोभून दिसते. मराठी रचनाकारांनी या खजिन्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे, असे माझे मत आहे. पं., डॉ., कै., श्री., सौ., चि., ता., जि. ही आपली संक्षिप्त रूपे एका घरात नेमकी बसतात, आणि 'ढ'सारखे एकाक्षरी विशेषण तर हाताशी आयतेच आहे.

सांगोल्याबाबत असे, की 'बोल' म्हणजे 'सांग' आणि 'भिजलेला' म्हणजे 'ओला'. मधले 'कसा आहेस?' हे केवळ दोन तुकड्यांना जोडणारे संभाषण आहे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पंढरपूरची फोड वाचून 'ढ' कसा निसटला याचे आश्चर्य वाटले. मात्र उरलेल्या दोन्हींबाबत माझी शंका कायम आहे.

'सांग' आणि 'ओला' शेजारी ठेवले तर चार अक्षरे होतात: सां, ग, ओ, ला. एका घरात एक अक्षर असा नियम रचनाकारांनीच घातला आहे, मग 'ग' आणि 'ओ' एका घरात कसे गेले? बार्शीच्या बाबतीतही 'बारशी' तीन अक्षरी आणि 'बार्शी' दोन अक्षरी आहे. इंग्रजी क्रिप्टिक कोड्यांच्या परंपरेत ए. एफ. रिची यांनी, म्हणजे 'ॲफ्रिट' या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या गृहस्थांनी, १९४९ साली असा दंडक मांडला होता, की रचनाकाराने लिहिलेल्या वाक्याचा वरवरचा अर्थ त्याला अभिप्रेत असलाच पाहिजे असे नाही, परंतु जे अभिप्रेत आहे ते त्याने लिहिलेच पाहिजे. या कसोटीवर ही दोन शोधसूत्रे उतरतात का?

प्रतिसाद २

बार्शी निश्चित उतरते. उलट ते गरजेपेक्षा जास्तच प्रामाणिक आहे. 'उच्चारली' हा शब्द सांगतो की येथे लेखन पाहायचे नाही, ध्वनी ऐकायचा आहे. मराठीत शब्दाच्या मधला 'अ' आपण बहुतेक वेळा उच्चारतच नाही. 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो, 'बसला' लिहितो आणि 'बस्ला' म्हणतो. त्याच न्यायाने 'बारशी' शांतपणे म्हटले तरी 'बार्शी'च ऐकू येते, घाई करण्याची आवश्यकताच नाही. 'घाईघाईने' हा शब्द रचनाकारांनी सोडवणाऱ्यावर दया येऊन घातला असावा.

सांगोल्याच्या मागे व्याकरण उभे आहे. शाळेत शिकलेली पररूप संधी आठवावी. घाम आणि ओळे मिळून घामोळे होते, तेव्हा पहिल्या शब्दाच्या शेवटचा 'अ' लोपतो आणि 'ओ' त्याच्या जागी बसतो. सांग आणि ओला यांचेही तेच होते. तरीही आपल्या शंकेत तथ्य आहे, कारण संधी करायची आहे हे सांगणारा 'जोडून' किंवा 'एकत्र' असा एखादा शब्द शोधसूत्रात हवा होता. व्याकरण शुद्ध असले तरी सोडवणाऱ्याला ते वापरण्याची सूचना मिळालेली नाही.

प्रतिसाद ३

तालुक्यांची कल्पना सोडू नका. 'दोघा भावांचे आडनाव एकच' ही सूचना पुन्हा वाचा आणि ज्या दोन नावांनी आपल्याला अडवले आहे त्यांच्याकडे पाहा. सात अक्षरांचा शब्द शोधण्याची गरज नाही.

आडवा २ साठी इशारा: या धाग्यावर आपण जे मागितले आहे त्याचेच नाव हवे आहे. आडवा २६ मध्ये 'काना' म्हणजे कान नव्हे, बाराखडीतला काना. भटजींना यजमान काय देतात ते लिहा आणि त्याच्या शेवटच्या अक्षराकडे पाहा.

धागाकर्ता

आता सर्व जुळले. 'दक्षिणा'तला काना गेला की 'दक्षिण' उरते, आणि आपण शोधत आहोत ते 'उत्तर'. आडनाव अर्थात 'सोलापूर', जे कोऱ्या राहिलेल्या आडव्या १३ मध्ये बसते. छेदणारे उभे शब्दही लगेच सुटले: 'उत्तर'मधल्या 'त्त'वरून 'वृत्तपत्र' आणि 'दक्षिण'मधल्या 'क्षि'वरून 'शिक्षिका'. जोडाक्षराला एकच घर देण्याचा नियम येथे उपयोगी पडला. 'त्त' दोन घरांत विभागला असता तर ही जुळणी झालीच नसती.

जाळी पुन्हा पाहिल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. 'उत्तर' जाळीच्या वरच्या भागात आहे, 'दक्षिण' खालच्या भागात आणि 'सोलापूर' त्यांच्या मध्ये. आडव्या २ चे शोधसूत्र मात्र मला थोडे सैल वाटते, कारण त्यात अक्षरांची वाट नाही, केवळ श्लेषाने सूचित केलेला अर्थ आहे. तो अर्थ दिशेचा नसून कोड्याच्या उत्तराचा असल्यामुळे 'व्याख्या दिलेली नाही' ही सूचना मोडत नाही, असा बचाव रचनाकार करतील, आणि 'मोहोळ'च्या शोधसूत्रातही केवळ मधाच्या पोळ्याचा अर्थ होता, त्याला मी जी सूट दिली ती येथेही द्यावी लागेल.

प्रतिसाद २

बचाव मान्य व्हावा. डी. एस. मॅकनट यांनी 'झिमेनीज' या टोपणनावाने १९६६ साली क्रिप्टिक कोड्यांचे कडक नियम पुस्तकरूपाने मांडले, तरीही श्लेषावर उभी असलेली शोधसूत्रे इंग्रजी कोड्यांत आजही चालतात. अट एवढीच, की एकदा उत्तर कळल्यावर दुसरे कोणतेही उत्तर बसू नये. 'हेच तर आपण शोधत आहात' याला 'अर्थ' किंवा 'शब्द' ही दोन अक्षरी उत्तरे सुचतील, पण तीन घरांत ती बसत नाहीत.

प्रतिसाद १

'उलगडा' सुचला होता, पण तो चार घरांचा आहे.

धागाकर्ता

'सुटका'ही तीन घरांत बसते, परंतु 'वृत्तपत्र' ती टिकू देत नाही.

सर्वांचे आभार. सांगोल्याच्या शोधसूत्रात 'जोडून' हा शब्द घालावा, ही सूचना आपल्या नावाने रचनाकारांना कळवतो. यात्रेनंतर त्यांचे अधिकृत उलगडे आले, की बार्शीतील 'घाईघाईने' कशासाठी होते ते येथेच लिहीन.