जाड तारा लावल्यावर फ्लॉइड रोज ब्रिज तिरका झाला आहे. पोस्ट फिरवावेत का?

खर्ज:
माझ्या गिटारला दोन्ही दिशांना हलणारा फ्लॉइड रोज ट्रेमोलो आहे, म्हणजे आर्म (दांडा) दाबून किंवा ओढून सूर खाली-वर करता येणारा ब्रिज (तारांची बॉडीकडची टोके धरणारा भाग). ९-४२ चा संच (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) काढून १०-४६ चा लावल्यापासून ब्रिजची मागची बाजू वर उचलली गेली आहे, तारा फ्रेटबोर्डपासून दूर गेल्या आहेत आणि एक तार सुरात आणली की आधी लावलेल्या सगळ्या उतरतात. ब्रिज ज्यांवर टेकतो ते दोन्ही पोस्ट (उंचीचे स्क्रू) फिरवून तो खाली घ्यावा का?

तारसप्तक:
पोस्टना हात लावू नका. त्यांनी ब्रिजची उंची बदलते, तिरकेपणा जात नाही. शिवाय तारा ताणलेल्या असताना ते फिरवले, तर ब्रिज ज्या धारेवर टेकतो ती धार झिजते, आणि ती एकदा बोथट झाली की सूर जागेवर परतण्याची आशा सोडावी. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ९-४२ च्या संचाचा एकूण ताण सुमारे ३८ किलो असतो, तर १०-४६ चा सुमारे ४६ किलो. मागच्या स्प्रिंग अजून जुन्याच ताणाला जुळवलेल्या आहेत, म्हणून तारांची सरशी होते आहे.

लॉकिंग नट (मानेच्या टोकाला तारा घट्ट धरणारा भाग) सैल करा, फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे सूर बारीक जुळवायचे स्क्रू) मध्यावर आणा आणि मागचे झाकण काढा. तारा सैल करून ब्रिज बॉडीला समांतर धरा आणि ब्रिजखालचा धातूचा ठोकळा व पोकळीची स्प्रिंग नसलेल्या बाजूची भिंत यांच्यामध्ये बेताच्या जाडीची लाकडी पाचर बसवा. आता ब्रिज पुढे झुकू शकत नाही, त्यामुळे एक तार लावताना बाकीच्या उतरत नाहीत. सहाही तारा सुरात आल्या, की स्प्रिंग अडकवलेल्या पट्टीचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. पाचर आपोआप सैल होऊन निघाली, की तोल साधला. पट्टी लाकडाला टेकली तरी पाचर सुटत नसेल, तर एक स्प्रिंग वाढवा. नट आवळताना सूर किंचित चढतो; तेवढा फाइन ट्यूनरने उतरवावा.

मींड:
पद्धत बिनचूक आहे, पण तोल साधल्यावरही एक तार बोटाने ताणून बेंड केली की बाकीच्या थोड्या उतरणार, तळहात ब्रिजवर टेकला की सूर चढणार आणि एखादी तार तुटली की उरलेल्या पाचही चढणार. दोन्हीकडे हलणाऱ्या, म्हणजे तरंगत्या ब्रिजचा हा स्वभावच आहे. आर्म फक्त खालीच दाबत असाल, तर ठोकळ्याच्या स्प्रिंगकडील बाजूला पक्का अडसर लावा आणि ठोकळा त्यावर टेकून राहील इतक्या स्प्रिंग आवळा. सूर वर ओढता येणार नाही, मात्र तार तुटली तरी गाणे पुरे करता येईल आणि सर्वांत जाड तार नेहमीच्या ई वरून डी पर्यंत उतरवली तरी इतरांना धक्का लागणार नाही. माझ्या मते बहुतेक वादकांना एवढेच पुरते.

खर्ज:
पाचरेच्या युक्तीने ब्रिज समांतर आला, आभारी आहे. तरीही आर्म दाबून सोडल्यावर तारा किंचित उतरलेल्या राहतात आणि वर ओढून सोडल्यावर चढलेल्या. ही धारेची झीज समजावी का?

तारसप्तक:
इतक्यात नको. आधी नटचे तिन्ही स्क्रू पुरेसे आवळले आहेत का आणि नट स्वतः मानेवर हलत तर नाही ना, हे पाहा. तिथे दोष नसेल, तर तारा पूर्ण सैल करून धार व पोस्टची खाच पुसा आणि तेलाचा अगदी थोडा थेंब लावा. धारेवर नख फिरवून खड्डा जाणवला, तरच ब्रिजची धार असलेली नवी प्लेट घेण्याचा विचार करा.