लष्करी अवकाश-व्यवहारांच्या नियमपुस्तिका : लिहितात कोण आणि मानायच्या कोणी?

दुर्बीणवाला (प्रश्न)

मार्च २०१९ मधल्या 'मिशन शक्ती' या भारताच्या उपग्रहनाशक चाचणीनंतर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला होता. १९६७ च्या अवकाश कराराने महासंहारक अस्त्रांना बंदी घातली आहे, साध्या अस्त्रांना नाही, त्यामुळे चाचणीने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होत नाही, असे त्यात म्हटले होते. त्याविषयी वाचताना 'मॅकगिल मॅन्युअल' आणि 'वूमेरा मॅन्युअल' ही दोन नावे वारंवार समोर आली. दोन्ही लष्करी अवकाश-व्यवहारांचे नियम सांगतात, मात्र ती ना कोणत्या सरकारने लिहिली आहेत ना संयुक्त राष्ट्रांनी. विद्यापीठांनी जमवलेल्या तज्ज्ञांचे ते काम आहे. हे तज्ज्ञ एकत्र येतात कसे, मसुदा प्रत्यक्षात तयार कसा होतो, आणि ज्यांना कोणीही नेमलेले नाही अशांचे म्हणणे एखाद्या देशाने का ऐकावे?

कलम_अडतीस

ही पद्धत अवकाशासाठी नव्याने निघालेली नाही. १८८० मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांच्या संस्थेने जमिनीवरील युद्धाचे नियम ऑक्सफर्ड येथे संकलित केले होते. समुद्री युद्धासाठी १९९४ ची सान रेमो पुस्तिका आली, हवाई आणि क्षेपणास्त्र युद्धासाठी हार्वर्डच्या पुढाकाराने २००९ ची, आणि सायबर कारवायांसाठी २०१३ ची टॅलिन पुस्तिका. राज्ये आपसांत नवा करार करायला तयार नसली की अभ्यासक आणि लष्करी विधिज्ञ असे काम हाती घेतात, हा या सर्वांतला समान धागा आहे.

अवकाशाच्या बाबतीत २०१६ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाने प्रकल्प सुरू केला, तेव्हा ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड विद्यापीठ त्यात भागीदार होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या आणि २०१८ मध्ये ॲडिलेड, एक्सेटर, नेब्रास्का आणि न्यू साउथ वेल्स विद्यापीठाची कॅनबेरा शाखा यांनी वूमेरा प्रकल्प उभा केला. मॅकगिलचा नियमांचा खंड राम जाखू आणि स्टीव्हन फ्रीलंड यांच्या संपादनाखाली २०२२ मध्ये आला. त्याचा भर शांतताकाळावर आणि शांततेला आव्हान देणाऱ्या परिस्थितींवर आहे. जॅक बिअर्ड आणि डेल स्टीफन्स यांनी संपादित केलेली वूमेरा पुस्तिका २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती शांतता, तणाव व सशस्त्र संघर्ष या तिन्ही अवस्थांचा विचार करते. दोन पुस्तिका असणे ही उधळपट्टी नाही, असे माझे मत आहे, कारण दोन स्वतंत्र गट एखाद्या मुद्द्यावर एकाच निष्कर्षाला आले तर त्या निष्कर्षाचे वजन वाढते.

आता कार्यपद्धती. या परंपरेत सदस्य व्यक्तिशः सहभागी होतात. सरकारी नोकरीत असलेला विधिज्ञसुद्धा तिथे आपल्या सरकारचे मत मांडायला बसलेला नसतो. विषयांची वाटणी होते, प्रत्येक नियमाचा कच्चा मसुदा एकेकाकडे जातो आणि मग बैठकींत त्याचा शब्दन् शब्द तपासला जातो. आधी अगदी त्रोटक नियम आणि त्याखाली सविस्तर भाष्य, अशी मांडणी असते. टॅलिनच्या वेळी नियमाच्या मजकुरावर सर्व तज्ज्ञांचे एकमत आवश्यक मानले होते आणि मतभेद भाष्यात नोंदवले गेले. त्याहून कडक बंधन म्हणजे, आज लागू असलेला कायदा लिहायचा, आपल्याला हवासा वाटणारा नव्हे. त्यासाठी करार, राज्यांचे प्रत्यक्ष वर्तन आणि ते वर्तन कायद्याने बंधनकारक आहे अशी त्यांची धारणा, यांचा पुरावा द्यावा लागतो.

अधिकाराचे म्हणाल तर कोणताही नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील अनुच्छेद ३८ विद्वानांच्या मतांना कायदा ठरवण्याचे दुय्यम साधन मानतो, आणि या पुस्तिकांची जागा तीच आहे. त्यामुळेच वूमेराच्या संपादकांनी मसुदा सरकारांपुढे ठेवला. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारने हेगमध्ये त्यासाठी अनेक देशांच्या प्रतिनिधींची बैठक भरवली. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रक्रियेतला निर्णायक टप्पा हाच होता. ज्यांच्या वर्तनातून कायदा घडतो त्यांनी 'आम्ही असे वागत नाही' असे म्हटले, तर तज्ज्ञांचे एकमत कोरडे राहते.

पश्चिमवारा

वरील प्रतिसाद नेमका आहे, तरी त्यात एक बाजू सौम्य झाली आहे. वूमेराच्या चार संस्थापक संस्था ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका या तीन देशांतल्या आहेत, आणि हे तिन्ही देश लष्करी मित्र आहेत. तज्ज्ञ व्यक्तिशः बसले तरी ज्या प्रकाशित दस्तऐवजांवरून ते राज्यांचे वर्तन ठरवतात, ते इंग्रजीत आणि मोकळेपणाने प्रसिद्ध करणारी सरकारे मोजकीच आहेत. चीनने जानेवारी २००७ मध्ये स्वतःचा हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने नष्ट केला, रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतःचाच जुना उपग्रह कॉसमॉस १४०८ फोडला. दोघांनीही त्यामागची कायदेशीर भूमिका तपशीलवार मांडली नाही. मग मौन हे संमतीचे लक्षण धरायचे की सोयीचे? गुप्ततेच्या या क्षेत्रात वर्तनाचा पुरावाच एकांगी असतो आणि कितीही प्रामाणिक संपादक त्यावर पूर्ण मात करू शकत नाही.

कलम_अडतीस

आक्षेप मान्य आहे, परंतु पर्यायाकडेही पाहावे. संयुक्त राष्ट्रांनी अवकाशातील जबाबदार वर्तनाविषयी नेमलेला, सर्व देशांना खुला असलेला कार्यगट २०२३ मध्ये सहमतीच्या अहवालाविनाच संपला. डिसेंबर २०२२ मध्ये उपग्रहनाशक क्षेपणास्त्रांच्या विध्वंसक चाचण्या करू नयेत असा ठराव महासभेत १५५ मतांनी संमत झाला. रशिया आणि चीन विरोधात होते, भारत तटस्थ राहिला. महासभेचे ठराव तसेही बंधनकारक नसतात.

दुर्बीणवाला

आभारी आहे. एखादे उदाहरण देता येईल का, जिथे तज्ज्ञांना खरोखर अडचण येते?

सांगाडा_आणि_सौरपंख

मी उपग्रहांच्या भूकेंद्रात काम करतो, कायद्यात नाही, म्हणून तांत्रिक बाजूने लिहितो. युद्धकाळात नागरी हानी आणि अपेक्षित लष्करी लाभ यांची तुलना करावी लागते, हा नियम जमिनीवरच्या लढाईतून आलेला आहे. पुलावर बॉम्ब पडला तर परिणाम त्या परिसरात दिसतो. पण सुमारे ८५० किलोमीटर उंचीवर फुटलेल्या त्या चिनी उपग्रहाचे माग ठेवता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले आणि त्यांतले बरेच अजूनही फिरत आहेत. आपली चाचणी ३०० किलोमीटरच्या आसपास केली गेली, ती याच कारणासाठी. मग हल्ल्याचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने किती वर्षांनंतरची आणि कोणाच्या उपग्रहाची संभाव्य टक्कर हिशेबात धरावी? तटस्थ देशांचे उपग्रहही त्याच कक्षेत असतात.

दुसरे उदाहरण स्फोटाशिवायचे आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी इंटरनेट सेवा देणाऱ्या केए-सॅट उपग्रहाच्या जमिनीवरील जाळ्यावर सायबर हल्ला झाला, युक्रेनमधले मोडेम बंद पडले आणि जर्मनीतील हजारो पवनचक्क्यांचे दूरनियंत्रण तुटले. उपग्रहाला मात्र खरचटलेही नाही. हा कायद्याच्या अर्थाने 'हल्ला' होतो की नाही, यावर सायबर कायद्याच्या अभ्यासकांत आधीपासूनच मतभेद आहेत, कारण काहींच्या मते यंत्रणा निकामी होणे पुरेसे असते आणि काहींना प्रत्यक्ष भौतिक हानी लागते. म्हणून या पुस्तिका हाती आल्या तर नियमांवर थांबू नये. 'काही तज्ज्ञांच्या मते' अशी वाक्ये भाष्यात जिथे येतात ती पाने आधी वाचावीत, कारण पुढच्या करारांतली भांडणे त्याच मुद्द्यांवर होणार आहेत.