पूर्व आशियाई अभ्यास: चिनी आधी की जपानी?

प्रश्न: महाविद्यालयात पूर्व आशियाई अभ्यास हा मुख्य विषय घेण्याचा माझा विचार आहे. ओढ बौद्ध धर्माच्या इतिहासाकडे आहे. मात्र आधी चिनी शिकावी की जपानी, हे ठरत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: मूळ साधने वाचायची असतील, तर आधुनिक भाषा कोणतीही निवडा, अभिजात चिनी, म्हणजे जुन्या ग्रंथांची लेखी चिनी, टाळता येणार नाही. जपानचा ७२० मध्ये पूर्ण झालेला ‘निहोन शोकी’ आणि कोरियाचा ११४५ मधील ‘सामगुक सागी’ हे दोन्ही इतिहासग्रंथ तिच्यातच लिहिलेले आहेत. १४४६ मध्ये कोरियनची स्वतःची हंगुल लिपी जाहीर झाल्यावरही कोरियन विद्वानांचे बरेचसे लेखन शतकानुशतके चिनीतच होत राहिले.

उत्तर २: सहमत आहे, तरी माझे मत जपानीच्या बाजूने पडते. आधुनिक बौद्ध संशोधनाचा फार मोठा भाग जपानीत आहे, आणि चिनी बौद्ध ग्रंथांची ‘तैशो’ ही प्रमाण आवृत्तीही टोकियोतच १९२४ ते १९३४ या काळात छापली गेली. जपानीबरोबर तिच्यात वापरल्या जाणाऱ्या चिनी चित्रलिपीची ओळख होते, ती पुढे अभिजात चिनीलाही उपयोगी पडते.

उत्तर ३: शक्य असल्यास थोडे संस्कृतही शिकावे. कुमारजीव या बौद्ध भिक्षू-अनुवादकाने ४०६ मध्ये चिनीत आणलेले सद्धर्मपुंडरीक हे बौद्ध सूत्र संस्कृत पाठाशेजारी ठेवून वाचण्यातला आनंद वेगळाच आहे.